भिंतीला भोक न पाडता: साताऱ्यातल्या एका वाड्यात ३१ चित्रं कशी टांगली

काम देताना संस्थेने दोन अटी घातल्या. भिंतीच्या गिलाव्याला भोक पाडायचं नाही, आणि चित्र कशावर टांगलंय ते पाहणाऱ्याच्या नजरेला पडता कामा नये. दोन्ही अटी रास्त होत्या. तिसरी मी घातली आणि पुढचे बहुतेक निर्णय तिच्यावरच ठरले: पाहुण्यांपासून जे लपवायचं, ते देखरेख करणाऱ्यापासून लपता कामा नये. टांगणी डोळ्याआड गेली की तिची तपासणीही बंद पडते. पाच-सात वर्षं कुणी वर बघत नाही आणि एके दिवशी सकाळी दार उघडल्यावर फरशीवर काचेचा खच दिसतो. जुन्या वास्तूत चित्रं लावायची इच्छा असलेल्या संस्था आपल्या भागात बऱ्याच आहेत आणि बहुतेकांची सुरुवात ड्रिल मशीनने होते, म्हणून हे काम सविस्तर लिहून ठेवतो आहे.

वाडा अजिंक्यताऱ्याच्या बाजूच्या एका जुन्या पेठेतला. संस्था तिथे वाचनालय चालवते. साताऱ्यातल्या एका दिवंगत चित्रकला शिक्षकांच्या मुलीने वडिलांची चित्रं आणि घरातला थोडा संग्रह संस्थेला दिला. त्यात २० जलरंग होते, बहुतेक कृष्णेचे घाट, यवतेश्वरची वाट, पावसातले डोंगर. ५ तैलचित्रं, २ पेस्टल (कोरड्या रंगखडूची चित्रं), आणि ४ जुने ओलिओग्राफ, म्हणजे राजा रवि वर्मांच्या छापखान्यातून घरोघरी गेलेल्या देवादिकांच्या तसबिरी. त्यांतल्या दोन तसबिरींच्या मूळ चौकटी शाबूत होत्या. या ३१ चित्रांसाठी तळमजल्यावरचा, पहिल्या चौकाला लागून असलेला आठ खणी दिवाणखाना मिळाला. लांबी ४० फूट, रुंदी १६ फूट, वर कडीपाटाचं लाकडी छत, सात सागवानी तुळया, त्यांची खालची बाजू जमिनीपासून साडेनऊ फुटांवर.

विश्वस्तांबरोबर आधी औंधला जाऊन आलो. यमाईच्या डोंगरावरचं तिथलं संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलं. रवि वर्मांची मूळ तैलचित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प एकाच छताखाली बघायला मिळतं, हे जिल्ह्याचं भाग्यच. आमच्या कामाच्या दृष्टीने तिथे एक गोष्ट विश्वस्तांच्या लक्षात आली, ती म्हणजे ती इमारत संग्रह ठेवण्यासाठीच बांधलेली आहे. आपला वाडा माणसांना राहायला बांधलेला. त्याच्या भिंती चित्रांचं ओझं घेण्यासाठी कधीच नव्हत्या, तेव्हा चित्रांनीच वाड्याशी जुळवून घ्यायला हवं. एवढं पटल्यावर बाकीची चर्चा सोपी झाली.

भिंत बघितल्यावर

खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत घडीव दगड, वर मातीत रचलेल्या विटा, त्यावर चुन्याचा गिलावा, वर चुन्याचेच हात. जाडी दोन फुटांच्या पुढे. अशी भिंत बघून कुणालाही वाटतं की हिच्यात काय हवं ते ठोका. मिस्त्रींनी बोटाच्या पेराने भिंत ठोकत एक फेरी मारली आणि मी मागून खडूने खुणा करत गेलो. जिथे आवाज बद्द आला तिथे गिलावा विटेपासून सुटलेला. दक्षिणेच्या भिंतीवर खिडक्यांच्या वरचा जवळजवळ सगळा पट्टा तसा निघाला.

अशा भिंतीत रावळ प्लग ठोकला तर काय होतं? प्लगची पकड फुगण्यावर असते. स्क्रू आत जातो, प्लग फुगतो, आजूबाजूच्या भक्कम काँक्रीटला दाबतो आणि घट्ट बसतो. मातीच्या सांध्यात दाबायला भक्कम असं काही नसतंच. माती चुरते, प्लग गोल फिरतो. विटेत नीट बसलाच तरी हॅमर ड्रिलच्या हादऱ्याने आजूबाजूचा सुटलेला गिलावा पापुद्र्यासारखा उतरतो. वर चुना भरून, रंग मारून भोक बुजवता येतं, पण सुटलेला गिलावा परत चिकटत नाही. शिवाय दालनातली चित्रं बदलत राहणार. दर प्रदर्शनाला नवी भोकं पडली तर काही वर्षांत ती भिंत चाळणी होईल.

प्लायवूडचे पॅनेल भिंतीपुढे उभे करायची सूचना आली होती. ती मी लगेच नाकारली. उत्तरेच्या भिंतीत सहा सुंदर कोनाडे आहेत, ते झाकले गेले असते. त्याहून वाईट म्हणजे पॅनेल आणि भिंत यांच्यामध्ये ओल कोंडून राहिली असती आणि वाळवीला आयता आडोसा मिळाला असता. सुटे उभे पडदे सोळा फुटी खोलीत माणसांची वाट अडवतात. उरलं वरून टांगणं.

तुळईला धरून

टांगणीचा भार भिंतीवर न टाकता तुळयांवर टाकायचा, ही मूळ कल्पना. मिस्त्रींनी आधी सातही तुळया टोच्याने तपासल्या, विशेषतः भिंतीत शिरणारी टोकं, कारण सागवान कुजायला सुरुवात होते ती तिथे. एका टोकाला भुंग्याची जुनी भोकं निघाली. आतून भुसा येत नव्हता, लाकूड ठणठणीत होतं. सगळी चित्रं मिळून दीडशे किलोच्या आसपास भरली. ज्या तुळया वरच्या मजल्यावर पुस्तकांची कपाटं पेलताहेत त्यांना हे वजन जाणवायचंही नाही.

पण तुळईलाही स्क्रू मारायचा नव्हता. इथे कडीपाटाची रचनाच उपयोगी पडली. तुळईवर आडव्या कड्या बसतात आणि कड्यांवर पाट. म्हणजे तुळईच्या माथ्यावर, दोन कड्यांच्या मध्ये, कडीच्या उंचीएवढी फट मोकळी राहते. त्या फटींमधून चिमण्यांची जुनी घरटी आणि काही पिढ्यांची धूळ काढली, आणि तिथून लोखंडी पट्टीचा पट्टा तुळईभोवती घेतला. पट्ट्याच्या आत जाड लोकरी नमदा, खाली दोन बोल्ट. हे पट्टे एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरने प्रत्येक तुळईचं माप घेऊन वाकवून दिले. मापं प्रत्येकीची वेगळी, कारण तुळया हाताने तासलेल्या. उद्या कुणाला हे सगळं काढावंसं वाटलं तर बोल्ट सैल करायचे, तुळईवर ओरखडाही राहणार नाही.

दर तुळईवर भिंतीपासून चार बोटं आत एक पट्टा. असे दोन्ही लांब भिंतींना मिळून चौदा. दोन पट्ट्यांमध्ये एक खण, म्हणजे पाच फूट, तो कशाने तरी जोडायचा होता. फॅब्रिकेटरकडे २५ मिलिमीटर चौरस पाइप तयार होता आणि मजबुतीला तो पुरलाही असता. पण दोन मिलिमीटर जाडीच्या त्या पाइपला पाच फुटांच्या मधोमध वीस किलो टांगले तर हिशेबाने तो चार-साडेचार मिलिमीटर वाकतो. तुटत नाही, पण ओळीतलं मधलं चित्र शेजारच्यांपेक्षा खाली दिसतं आणि माणसाच्या नजरेला तेवढं पुरतं. म्हणून २५ बाय ५० चा पाइप घेतला आणि तो उभा बसवला. त्याच वजनाला तो मिलिमीटरभरही वाकत नाही. तोच पाइप रुंद बाजू उभी धरली की जास्त ताठ राहतो, हे सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कड्यांची रुंद बाजू उभी का ठेवलेली असते याचं उत्तर तेच.

पाइपच्या खाली ॲल्युमिनियमचं चॅनेल, तोंड खाली. त्यात हुक सरकतात, त्यामुळे चित्र हवं तिथे डावी-उजवीकडे नेता येतं. आणि या सगळ्यापुढे तीन इंच रुंद सागवानी पट्टी, तुळयांसारखंच तेलपाणी केलेली. दालनात उभं राहून वर बघितलं तर ती वाड्याच्या सुतारकामातलीच एक वाटते. चॅनेल, हुक, बोल्ट सगळं तिच्या मागे.

इथे फॅब्रिकेटरशी थोडा वाद झाला. त्याचं म्हणणं, पट्टी चिकटवून वर लांबी (पुट्टी) भरून टाकू, सांधासुद्धा दिसणार नाही. काम त्याने नक्कीच सफाईदार केलं असतं. मी नको म्हणालो. पट्टी प्रत्येक खणात वेगळी आहे आणि दोन पितळी स्क्रूंवर बसते. स्क्रूची डोकी शोधली तर दिसतात. वाचनालयाचे सेवक शिडी लावून दोन मिनिटांत पट्टी उतरवतात आणि त्या खणातले सगळे बोल्ट त्यांच्या डोळ्यांसमोर येतात. त्या दोन डोक्यांपायी शोभेत जे काही कमी झालं असेल ते मला मान्य आहे.

तार, दोरा आणि त्यांची चमक

सगळ्यात जास्त मतं इथे पडली. पारदर्शक नायलॉन दोरा दिसत नाही, हा सार्वत्रिक समज. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली खरोखरच दिसत नाही. दालनात मात्र दिवे वरून तिरके पडतात, आणि गुळगुळीत गोल दोऱ्यावर प्रकाशाची एक लखलखीत रेघ उमटते. आपण दोन पावलं सरकलो की ती रेघही सरकते. हलणारी चमक डोळ्याला चटकन खेचते. चित्रातल्या नदीकडे बघण्याऐवजी माणूस दोऱ्याकडे बघतो.

दुसरी अडचण ताणाची. वीस लिटरचा पाण्याचा जार सोयीचा वाटला, कारण भरला की पाण्याचंच वजन वीस किलो होतं. एक जार नायलॉनवर आणि एक दीड मिलिमीटरच्या स्टेनलेस तारेवर टांगून ठेवला, भिंतीपुढे टेकवलेल्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने खुणा केल्या. तारेची खूण जागच्या जागी राहिली. नायलॉनची रोज थोडी खाली येत गेली. नायलॉन सततच्या भाराखाली हळूहळू लांबतो, दमट हवेत आणखी, आणि उन्हात वर्षानुवर्षं राहिला तर ठिसूळ होतो. साताऱ्याच्या पावसाळ्यात एकाच चित्राचे दोन दोरे कमीजास्त लांबले की चित्र वाकडं होणारच. नायलॉन बाद.

तार घेतली, पण तिचीही चमक मोडायला हवी होती. रंग लावून पाहिला, हुक सरकवला की खरवडला जातो. शेवटी रासायनिक प्रक्रियेने काळपट करून मिळणारी तार मागवली. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर काळपट तार उठून दिसेल अशी विश्वस्तांना धास्ती होती. प्रत्यक्षात ती बारीक सावलीसारखी वाटते, कारण ती चमकत नाही आणि आपण हललो तरी बदलत नाही. वाड्याची भिंत काही आरशासारखी सपाट नाही, तिच्यावर आधीच शेकडो बारीक सावल्या आहेत.

दीड मिलिमीटरच्या तारेची तुटण्याची क्षमता शंभर किलोच्या पुढे असते, त्यामुळे लोक निश्चिंत होतात. तार सहसा तुटतच नाही. सुटते ती टोकाची गाठ, म्हणजे तिथे दाबून बसवलेली नळी. ती पक्कडीने चेपली तर वरवर घट्ट दिसते आणि भाराखाली एकेक धागा सरकत राहतो. प्रत्येक टोक नळीच्या मापाच्या दाबयंत्राने दाबून घेतलं, आणि प्रत्येक तारेला तिच्या चित्राच्या तिप्पट वजन टांगून रात्रभर ठेवलं. जार तिथेही कामी आले.

दोन उभ्या तारा

आपल्या घरांतून तसबिरी टांगायची जुनी रीत म्हणजे मागे दोन आकडे, त्यांच्यामध्ये एक दोरी, दोरीच्या मधोमध खिळा. दोरी जितकी ताणून, जितकी आडवी, तितकी ती चौकटीमागे लपते. नीटनेटकं दिसावं म्हणून लोक ती घट्ट बांधतात आणि नेमकं तिथेच ओझं वाढतं. दोरीचा आडव्याशी कोन तीस अंश असेल तर तिच्या प्रत्येक बाजूवर चित्राच्या संपूर्ण वजनाएवढा ताण येतो. पंधरा अंश असेल तर जवळजवळ दुप्पट. म्हणजे बारा किलोच्या चित्राच्या दोरीत प्रत्येक बाजूला तेवीस किलो, आणि त्यातला बराचसा ताण चौकटीच्या दोन उभ्या पट्ट्यांना आत ओढत राहतो. जुन्या तसबिरींचे वरचे कोपरे उघडे पडलेले दिसतात त्यामागे हेही एक कारण असतं. दोन सरळ उभ्या तारांवर तेच चित्र टांगलं की प्रत्येक तारेवर फक्त सहा किलो, आणि चौकटीवर आडवा ताण शून्य.

तारा दोन झाल्या म्हणजे दिसायला दुप्पट, हा आक्षेप खरा आहे. तो मांडणीने सोडवला. लहान जलरंग एकाखाली एक, एकाच जोडतारेवर घेतले, चौकटींची रुंदी सारखी करून. तारेचं उरलेलं टोक चौकटीमागे गुंडाळून ठेवलं. खाली लोंबणारा एक वितीचा तुकडा सगळी मेहनत वाया घालवतो. चित्रांचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटिमीटरवर एका ओळीत धरला. संग्रहालयांत साधारण १४५ ते १५० धरतात. वाचनालयात शाळेची मुलं जास्त येतात म्हणून खालचा आकडा घेतला.

चौकटींचंही बरंच काम निघालं. टांगणीवर जेवढा खर्च झाला त्याहून जास्त चौकटींवर झाला, आणि तो योग्यच होता. मागचे गंजलेले आकडे काढून दोन स्क्रूंच्या डी-रिंग, म्हणजे इंग्रजी डी आकाराच्या कड्या, लावल्या. तीन मिलिमीटर काच दर चौरस मीटरला साडेसात किलो भरते, तेवढ्याच जाडीचं ॲक्रिलिक साधारण साडेतीन. दोन फूट बाय तीन फूट चित्रात नुसत्या काचेचे चार किलो होतात. जलरंगांना ॲक्रिलिक लावलं. पेस्टलना मात्र काचच ठेवली, कारण ॲक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि ती पेस्टलची भुकटी कागदावरून ओढून घेते. ओलिओग्राफच्या काचा थेट कागदाला टेकलेल्या होत्या. दमट हवेत छापाचा पृष्ठभाग काचेला चिकटतो आणि काच काढताना रंगासकट निघतो. दोन ठिकाणी तसं झालेलंच होतं. त्यांना काच आणि कागद यांच्यामध्ये पुठ्ठ्याची किनार दिली.

शिक्षकांच्या मुलीचं, म्हणजे ताईंचं, एक मागणं होतं. “बाबांच्या घरी सगळी चित्रं वर, पुढे झुकलेली असायची. इथे सगळी सपाट आणि खाली, परक्या घरी आल्यासारखी वाटतात.” मला ते पटलं. वर लावलेली तसबीर पुढे झुकवण्यात अर्थ होता. खालून बघणाऱ्याच्या नजरेला ती काटकोनात येते, काचेत खिडकीचं प्रतिबिंब पडत नाही, आणि धूळही कमी बसते. जलरंग त्या उंचीवर नेले असते तर त्यांतलं बारीक काम दिसलं नसतं, ते खालीच ठेवले. मूळ चौकटींतले दोन ओलिओग्राफ मात्र पूर्वेच्या दारावर, घरात असायचे तसेच झुकवून लावले. त्यासाठी वेगळं काही लागत नाही. डी-रिंग चौकटीच्या वरच्या टोकाजवळ असली तर चित्र भिंतीला सपाट राहतं, खाली एक तृतीयांशावर आणली की माथा पुढे येतो.

कोयनेचा विचार

या जिल्ह्यात टांगणीचा विचार करताना कोयना बाजूला ठेवता येत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप ज्यांनी अनुभवला ती माणसं अजून आपल्यात आहेत, आणि त्या पट्ट्यात लहान धक्के आजही बसतात. कोयनानगर सातारा शहरापासून सरळ रेषेत चाळीस-एक किलोमीटरवर आहे. मोठ्या भूकंपात चित्रांची चिंता कुणी करणार नाही. पण जो धक्का कपाटातली भांडी फक्त वाजवतो, तेवढ्याने चित्र पडता कामा नये.

उघड्या हुकावर टांगलेलं चित्र खालून वर मिळालेल्या झटक्यात उडी मारून सुटू शकतं. म्हणून सगळे हुक बंद तोंडाचे, स्क्रूने आवळायचे घेतले. दुसरा धोका झोक्याचा. लांब तारेवरचं चित्र भिंतीलगत डावी-उजवीकडे झुलतं आणि शेजारच्या चौकटीवर आपटतं. आमच्या तारांची लांबी बघता एक झोका दोन सेकंदांच्या आसपासचा येतो, म्हणजे संथ, पण एकदा सुरू झाला की लवकर न थांबणारा. हलक्या चित्रांना खालच्या कोपऱ्यांत सिलिकॉनच्या जाड टिकल्या लावल्या. त्या भिंतीला धरून राहतात आणि झोका तिथल्या तिथे मरतो. त्याच टिकल्या चौकटीमागे बोटभर हवा खेळती ठेवतात, त्याचा उपयोग पुढे सांगतो.

चार मोठ्या चित्रांना टिकल्या पुरणार नव्हत्या. त्यांच्या तारा चौकटीमागून खाली नेऊन, भिंतीच्या पायथ्याशी आडव्या बसवलेल्या लाकडी पट्टीला ताणून बांधायच्या होत्या. वर तुळई, खाली पट्टी, मध्ये ताठ तार, आणि तारेला दोन ठिकाणी चिमट्यांनी धरलेलं चित्र. मग झोका येणारच नाही. पण ती पट्टी भिंतीत कुठेतरी पक्की करायला हवी. अध्यक्षसाहेब म्हणाले, “भोक नाही म्हणजे नाही, असंच ठरलं होतं.” मी त्यांना घेऊन भिंतीपाशी खाली बसलो आणि दगडांमधले सांधे दाखवले. घडीव दगडाला हात लावायचा नाही, गिलाव्यालाही नाही. दोन दगडांमधल्या चुन्याच्या दर्जेत, म्हणजे सांध्यात, हॅमर बंद ठेवून, हळू फिरवत भोक घ्यायचं. हे सांधे पूर्वीपासून भरले जातात आणि पुढेही भरावे लागणारच आहेत. पट्टी काढली की तिथे चुना भरायचा. त्यांनी एक दिवस मागितला, दुसऱ्या एका अभियंत्यांना विचारलं आणि होकार दिला. एकूण आठ स्क्रू.

कुलपाचा प्रश्न शेवटपर्यंत चर्चेत राहिला. चोरीच्या भीतीने विश्वस्तांना खास किल्लीची आवळणी हवी होती. मी आगीची आणि गळतीची आठवण करून दिली. धूर झालाय, किल्ली घरी गेलेल्या ग्रंथपालांच्या खिशात आहे, अशा वेळी चित्र भिंतीवर नुसतं बघत राहायचं का? साध्या ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) उघडणारे हुक घेतले. सहज हात घालून चित्र निघत नाही, पण कपाटात कुठे ठेवलीय हे माहीत असलेली एक ॲलन की असली की अर्ध्या मिनिटात निघतं. चित्र उतरवायला दोन माणसं लागतात, एकट्याने शिडीवरून कधीही नाही, हे सेवकांकडून प्रत्यक्ष करून घेतलं.

पहिला पावसाळा

तळमजल्याच्या जाड भिंती पावसाळ्यात खालून पाणी ओढतात. श्रावणात उत्तरेच्या भिंतीवर, तिसऱ्या आणि चौथ्या कोनाड्यांच्या मध्ये, ओलीचा डाग वर चढला. बरोबर तिथेच यवतेश्वरचे दोन जलरंग होते. चौकट भिंतीला घट्ट टेकलेली असती तर डाग तिच्या मागे वाढत राहिला असता आणि कळलं असतं ते कागदावर बुरशीचे ठिपके आल्यावर. मागे बोटभर जागा होती म्हणून चौकटीची पाठ कोरडी राहिली. मागचं दिसत होतं म्हणून सेवकांना आठवड्याच्या तपासणीत तो सापडला. त्यांनी हुक सैल केले, चित्रं चॅनेलवरून तीन फूट पूर्वेकडे सरकवली, हुक परत आवळले आणि वहीत लिहून ठेवलं. भिंतीवर जुनी खिळ्याची खूण नाही, नवं भोक नाही. मला फोन आला तो काम झाल्यावर.

ती वही साधी, दोनशे पानी. पहिल्या पानावर भिंतींचा नकाशा, प्रत्येक तुळईला क्रमांक, प्रत्येक हुकाच्या मागे तोच क्रमांक कोरलेला, आणि कुठल्या जोडतारेवर किती किलो याची यादी. पुढच्या पानांवर तारखा. मृगाच्या आधी एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा सगळ्या पट्ट्या उतरवून बोल्ट, तारेची टोकं, तुळयांचं लाकूड बघायचं. धक्का जाणवला तर त्याच दिवशी. बाकी आठवड्याला एकदा टॉर्च घेऊन चौकटींच्या मागे नजर टाकायची. सेवकांनी स्वतःहून एक रकाना वाढवला आहे: वास. कुबट वास आधी येतो, डाग नंतर दिसतो, असं त्यांचं म्हणणं, आणि या वास्तूत ते माझ्यापेक्षा जास्त वर्षं वावरले आहेत.

दिव्यांचं काम झालं आहे. जलरंग, ओलिओग्राफ आणि पेस्टलवर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास, तैलचित्रांवर २००. सुरुवातीला खोली अंधारी वाटते अशी तक्रार येते. दारातून आल्यावर दोन मिनिटं बाकावर बसायला सांगितलं की ती मिटते.

पश्चिमेची आडवी भिंत बाकी आहे. तिथे तुळई भिंतीला समांतर जाते आणि भिंतीपासून चांगली पाच फुटांवर आहे, त्यामुळे पट्टा घ्यायला जागा नाही. सगळ्यात मोठं, १८ किलोचं तैलचित्र सध्या तिथे लाकडी घोडीवर ठेवलं आहे. शेवटच्या तुळईपासून भिंतीपर्यंत दोन आडव्या धीरा, म्हणजे आधाराच्या दांड्या, सोडाव्यात असा मिस्त्रींचा विचार आहे. मला त्यांच्या भिंतीकडच्या टोकाला आधार कशाचा, हे अजून पटलेलं नाही. कोपऱ्यात जमिनीवर उभे राहणारे दोन बारीक खांब देऊन बघायचं ठरतं आहे. भिंत पूर्ण वाळली की, दिवाळीनंतर, मापं घेऊ.